समाजवादी सरकारला हरता येते काय?

राज्यघटनेची उद्देशिका वर्गात वाचून दाखवली, की दरवर्षी एखादा तरी विद्यार्थी 'समाजवादी' या शब्दापाशी अडतो. हा शब्द मूळ उद्देशिकेत नव्हता, तो १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने घातला गेला, असे सांगितले की पुढचा प्रश्न ठरलेला असतो : म्हणजे आणीबाणीत ना? होय, आणीबाणीतच. ज्या लोकसभेने ही दुरुस्ती संमत केली, तिची पाच वर्षांची मुदत संपून गेली होती व ती वाढवून घेण्यात आली होती. ज्यांनी आपले सारे आयुष्य समाजवादी चळवळीत घालवले, त्या मधु लिमये, मधु दंडवते, मृणाल गोरे प्रभृतींना त्या काळात तुरुंगात डांबण्यात आले होते. लिमये यांनी तर मुदतवाढ मिळालेल्या सभागृहात आपण बसणार नाही म्हणून तुरुंगातूनच खासदारकीचा राजीनामा दिला. समाजवाद घटनेत आला तेव्हा समाजवादी गजाआड होते. प्रस्तुत लेखकाचा जन्म या घटनांनंतरचा आहे. पण विद्यार्थ्यांच्या चेहऱ्यावर उमटणारे हसू पाहिले, की हा विरोधाभास अजून शिळा झालेला नाही हे ध्यानात येते.

नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा शब्द काढून टाकण्याची मागणी करणाऱ्या याचिका फेटाळल्या. भारतीय संदर्भात समाजवाद म्हणजे कल्याणकारी राज्य आणि संधीची समानता. त्यामुळे कोणत्याही सरकारवर विशिष्ट आर्थिक धोरणाचे बंधन येत नाही, असा त्या निर्णयाचा आशय आहे. निर्णय योग्यच म्हणावा लागेल. परंतु न्यायालयाने शब्दाचा अर्थ इतका मवाळ केल्यावर मूळचा अवघड प्रश्न मात्र बाजूलाच राहतो. उत्पादनाची प्रमुख साधने खरोखरच समाजाच्या, म्हणजे व्यवहारात शासनाच्या, मालकीची झाली, तर ते शासन पुढे नागरिकाला जुमानील काय? समाजवादाची घसरण हुकूमशाहीकडे होणे अपरिहार्य आहे काय?

या प्रश्नाची दोन तयार उत्तरे आपल्याकडे फार काळ चलनात आहेत. एक पक्ष म्हणतो, या वाटेचा शेवट श्रमछावणीतच व्हायचा. दुसरा म्हणतो, जिथे छावण्या झाल्या तो खरा समाजवादच नव्हता. दोन्ही उत्तरांत एक सोय आहे. इतिहास वाचण्याचे कष्ट वाचतात.

आंबेडकरांची दोन उत्तरे

वस्तुतः हा प्रश्न आपल्याकडे सर्वांत नेमकेपणाने मांडला तो डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी, आणि तोही एकदा नव्हे, दोनदा. मार्च १९४७ मध्ये शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने घटना समितीपुढे ठेवण्यासाठी त्यांनी 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' हे निवेदन सिद्ध केले. त्यात मूलभूत उद्योग शासनाने चालवावेत, विमा हा शासनाचा मक्ता असावा, आणि शेती हाही शासकीय उद्योग व्हावा, अशी योजना होती. जमीन शासनाने रोखे देऊन ताब्यात घ्यावी, तिचे ठरावीक आकाराचे भाग पाडावेत व गावातल्या कुटुंबांच्या गटांना जातधर्म न पाहता सामुदायिक शेतीसाठी कुळवहिवाटीने द्यावेत. म्हणजे जमीनदार उरणार नाही, त्याचे कूळ उरणार नाही आणि भूमिहीन मजूरही उरणार नाही.

पुढचे विवेचन अधिक महत्त्वाचे आहे. नियोजित अर्थव्यवस्था टिकायची तर तिला स्थैर्य हवे. संसदेतले बहुमत पाच वर्षांनी पालटते. आजच्या बहुमताने उभे केलेले उद्याचे बहुमत मोडू शकते. हे स्थैर्य हुकूमशाही देऊ शकते, परंतु व्यक्तिस्वातंत्र्याची चाड असणाऱ्याला हुकूमशाही मान्य होणार नाही. मग मार्ग कोणता? संसदीय लोकशाही कायम ठेवावी आणि शासकीय समाजवाद घटनेच्या कायद्यातच असा कोरून ठेवावा, की कोणत्याही बहुमताला त्याला हात लावता येऊ नये. बाबासाहेबांनी सुचवलेली तोड ती ही.

दीड वर्षाने, १५ नोव्हेंबर १९४८ रोजी, घटना समितीत प्रा. के. टी. शहा यांनी भारताच्या वर्णनात 'समाजवादी' हा शब्द घालण्याची सूचना मांडली. शहा हे अर्थशास्त्राचे प्राध्यापक, आमच्याच व्यवसायातले. त्यांना उत्तर देताना बाबासाहेबांनी घेतलेली भूमिका १९४७ च्या भूमिकेशी सहज जुळत नाही. समाजाची आर्थिक रचना कोणती असावी हे त्या त्या काळच्या लोकांनी ठरवायचे आहे. ती घटनेतच बांधून टाकणे म्हणजे लोकांचा निवडीचा हक्क काढून घेणे, असे ते म्हणाले. मार्गदर्शक तत्त्वांत समाजवादी दिशा आहेच, तेव्हा या शब्दाची गरजही नाही, असेही त्यांनी सांगितले. १९४७ साली ते एका पीडित समाजाचे वकील होते आणि १९४८ साली मसुदा समितीचे अध्यक्ष होते, एवढ्यावर हा फरक निकालात काढणे प्रस्तुत लेखकाला पटत नाही. दोन्ही वेळा भीती एकाच गोष्टीची होती : सत्ता एका मुठीत जाण्याची. पहिल्या वेळी ती मूठ मालकाची होती, दुसऱ्या वेळी शासनाची.

मालकाची मूठ सैल वाटते ती ज्याच्या पोटाला चिमटा बसलेला नाही त्याला. बेकार माणसाला नोकरी देताना तू संघटनेत जाऊ नकोस, तोंड उघडू नकोस अशी अट घातली, तर घटनेतला भाषणस्वातंत्र्याचा हक्क तो किती वेळ कवटाळून बसेल, असा बाबासाहेबांचा रोख होता. शासनाचा हात दूर ठेवला की व्यक्ती स्वतंत्र होते, हे त्यांना अर्धसत्य वाटे. तिथे मालकाचे राज्य सुरू होते.

उसाची तोड

आता या विवेचनाची दुसरी बाजू घेऊ. ऑस्ट्रियन अर्थशास्त्रज्ञ फ्रीड्रिश हायेक यांनी १९४४ साली 'द रोड टु सर्फडम' या ग्रंथात इशारा दिला, की केंद्रीय नियोजन करणाऱ्याला प्रत्येक वस्तूविषयी, प्रत्येक माणसाविषयी निर्णय घ्यावे लागतात, आणि एवढे निर्णय एकमताने होत नाहीत. मग ते कुणातरी एकावर सोपवले जातात. ज्याच्या हाती साऱ्या साधनांचा ताबा, त्याच्या हाती साऱ्या साध्यांचाही. हा युक्तिवाद आमच्या डाव्या मित्रांनी फार दिवस उडवून लावला. तो उडवून लावण्याजोगा नाही.

सैन्य आणि तुरुंग यांवाचूनही ही यंत्रणा कशी चालते, हे पाहण्यासाठी मॉस्कोला जाण्याची गरज नाही. प्रस्तुत लेखकाचे बालपण उसाच्या पट्ट्यात गेले. सहकारी साखर कारखाना ही महाराष्ट्राने घडवलेली थोर संस्था आहे. विठ्ठलराव विखे पाटील यांनी प्रवरानगरला तिचा पाया घातला तेव्हा धनंजयराव गाडगीळांसारखा अर्थशास्त्रज्ञ अध्यक्षस्थानी होता. एक सभासद, एक मत हे तत्त्व होते. पण झोनबंदीच्या काळात एका क्षेत्रातला ऊस एकाच कारखान्याला घालावा लागे. आमच्या काकांनी एका वर्षी कारखान्याच्या निवडणुकीत विरोधी पॅनेलचा प्रचार केला. पॅनेल पडले. काकांवर कुणी हात उगारला नाही, कुणी शिवी दिली नाही. फक्त त्यांच्या उसाला तोड येईना. चिटबॉय यायचा, हसून चहा प्यायचा, 'टोळी पुढच्या आठवड्यात' म्हणून जायचा. शेजारच्या शेतातला ऊस गेला, त्याच्या पलीकडचाही गेला. आमच्या उसाला तुरे आले, वजन घटले, आणि एप्रिलच्या उन्हात शेवटी टोळी आली तेव्हा अर्धा ऊस चिपाडासारखा झाला होता. पुढच्या निवडणुकीत काका घरी बसले.

ऊस घेणारा एकच असला, की त्याला विरोध करणाऱ्याची शिक्षा कायद्याच्या पुस्तकात लिहावी लागत नाही. मग सबंध देशात अन्न देणारा, काम देणारा, घर देणारा, वर्तमानपत्राला कागद देणारा एकच असेल तर काय होईल, हे ज्याने तोडीची वाट पाहिली आहे त्याला समजावून सांगावे लागणार नाही. मात्र एवढे ध्यानात ठेवावे, की तो कारखाना समाजवादी नव्हता, त्याचे संचालकही नव्हते. दोष एकाच गिऱ्हाइकाचा होता, मालकीच्या नावाचा नव्हता.

आधी काय झाले?

हायेक यांचे म्हणणे पुरते खरे असते, तर आधी अर्थव्यवस्थेचे सरकारीकरण आणि त्यामागून हुकूमशाही, असा क्रम सर्वत्र दिसायला हवा होता. रशियातला क्रम मात्र उलटा आहे. १९१७ च्या अखेरीस तेथे घटना परिषदेची निवडणूक झाली. बोल्शेविकांना सुमारे चतुर्थांश मते मिळाली. सर्वांत मोठा पक्ष ठरला तो समाजवादी क्रांतिकारकांचा, म्हणजे तोही समाजवादीच. जानेवारी १९१८ मध्ये परिषद एकच दिवस भरली. दुसऱ्या दिवसापासून तिचे दरवाजे बंद झाले. बँका ताब्यात आल्या होत्या, जमीनदारी रद्द झाली होती, हे खरे; पण मोठ्या उद्योगांच्या सरसकट राष्ट्रीयीकरणाचा हुकूम निघाला तो जूनच्या अखेरीस. विरोधी वृत्तपत्रांवरची बंदी तर सत्ता हाती आल्याबरोबरच सुरू झाली होती. हुकूमशाही कारखान्यांच्या मालकीतून उगवली नाही; कारखाने ताब्यात आले तेव्हा ती हजर होती. यादवी युद्धाने हे करणे भाग पाडले, असा बचाव अजून ऐकू येतो. परंतु यादवी सर्वत्र भडकली ती परिषद मोडल्यानंतर.

१९२१ चा मार्च महिना याहून बोलका आहे. क्रोन्स्टाटच्या नाविकांनी सोव्हिएतांच्या नव्या, गुप्त मतदानाने निवडणुका मागितल्या. त्यांचे बंड तोफांनी मोडण्यात आले. त्याच दिवसांत भरलेल्या पक्षाच्या दहाव्या अधिवेशनाने दोन निर्णय घेतले. शेतकऱ्याचे धान्य जबरीने उचलणे थांबवून त्याऐवजी कर बसवला. यातूनच खासगी व्यापाराला वाव देणारे नवे आर्थिक धोरण आले. आणि पक्षांतर्गत गटांवर बंदी घातली. बाजार सैल झाला त्याच आठवड्यात राजकारण आवळले गेले. अर्थकारणाची पकड आणि राजकारणाची पकड या एकाच दोरीच्या दोन टोकांसारख्या असत्या, तर असे झाले नसते. क्रांतीची मैत्रीण असलेल्या रोझा लक्झेम्बर्ग यांनी १९१८ मध्येच तुरुंगात बसून हा धोका लिहून ठेवला होता : निवडणुका आणि मोकळी वृत्तपत्रे गेली, की सार्वजनिक संस्थांतला प्राण जातो व नोकरशाही तेवढी जिवंत राहते.

याउलट ब्रिटनमध्ये ॲटली यांच्या मजूर सरकारने १९४५ नंतर बँक ऑफ इंग्लंड, कोळसा, रेल्वे, वीज व शेवटी पोलाद अशी मालकी शासनाकडे घेतली. ऑक्टोबर १९५१ च्या निवडणुकीत त्या पक्षाला हुजूर पक्षाहून अधिक मते पडली, पण जागा कमी पडल्या. ॲटली राजवाड्यावर गेले आणि राजीनामा देऊन आले. चर्चिल यांनी पोलाद उद्योग पुन्हा खासगी करायला घेतला, कोळशाच्या खाणींना हात लावला नाही. हायेकवादी म्हणतील, की ब्रिटनने सर्वंकष नियोजन केलेच नव्हते, मालकीचा काही भाग तेवढा बदलला होता. आक्षेप बरोबर आहे, आणि तोच मुद्द्याचा आहे. जिथे काम देणारा दुसरा कुणी शिल्लक होता, आणि जिथे सत्ताधाऱ्याला हरता येत होते, तिथे घसरण झाली नाही.

भल्या माणसाची गोष्ट

लेनिन-स्टालिन हे कठोर पुरुष होते, म्हणून तसे झाले, असे समजून मनाचे समाधान करून घेणाऱ्यांनी टांझानियाचा इतिहास पाहावा. ज्युलियस न्येरेरे हे मूळचे शिक्षक. स्वतःसाठी त्यांनी काही जोडले नाही. १९८५ साली आपण होऊन अध्यक्षपद सोडले, ही आफ्रिकेत त्या काळी दुर्मीळ गोष्ट. १९६७ च्या अरुशा घोषणेने त्यांनी बँका व मोठे उद्योग राष्ट्राच्या मालकीचे केले आणि 'उजामा', म्हणजे कुटुंबभाव, या नावाने ग्रामीण समाजवादाची कल्पना मांडली. लोकांनी आपखुशीने एकत्र यावे, एकत्र कसावे. जबरदस्तीने समाजवाद येत नसतो, असे ते स्वतःच सांगत.

त्यांच्या देशाच्या दक्षिण भागात, रुवुमा प्रांतात, असे घडतही होते. तेथील काही गावांनी घोषणेच्या आधीपासून सामुदायिक शेती सुरू केली होती. त्यांचा एक संघ होता, निर्णय गावकऱ्यांच्या सभेत होत. न्येरेरे यांना त्याचे मोठे कौतुक होते. पण हा संघ पक्षाच्या हुकुमाखाली नव्हता. प्रांतातल्या पक्षाधिकाऱ्यांना तो डोळ्यांत खुपे. १९६९ मध्ये पक्षाच्या वरिष्ठ समितीने तो विसर्जित केला. न्येरेरे यांनी तो वाचवला नाही. देशात १९६५ पासून कायद्याने एकच पक्ष होता. या गावांना दाद मागायला दुसरे दार नव्हते.

पुढचे सारे जणू त्यातूनच निघाले. आपखुशीने येणाऱ्यांचा वेग फार मंद आहे असे वाटू लागले. १९७३ च्या अखेरीस न्येरेरे यांनी जाहीर केले, की १९७६ पर्यंत सर्व ग्रामीण जनतेने नेमून दिलेल्या गावांत राहायला गेले पाहिजे. मोहिमा निघाल्या, लक्षावधी कुटुंबे हलवली गेली. काही ठिकाणी लोक परत फिरू नयेत म्हणून त्यांच्या झोपड्या जाळण्यात आल्या. मळे दूर राहिले, पाणी दूर राहिले, पिके बसली. हे करणाऱ्या अधिकाऱ्यांना वरून आकडे हवे होते, खालून प्रश्न विचारणारा कुणी नव्हता. एक भला माणूस, एक भली कल्पना, आणि तरीही जळालेली झोपडी. येथे कुणा खलपुरुषाचा शोध घेऊ नये. समाजवादी प्रयोगातला जो भाग खरोखर जिवंत होता, तोच शासनाने आधी मोडला, कारण तो शासनाला न विचारता जगत होता.

हरवू न देणारे दुसरे

तरीही घसरणीचा सारा दोष समाजवाद्यांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. केरळात १९५७ साली ई. एम. एस. नंबुद्रिपाद यांचे सरकार मतपेटीतून आले. जमीनसुधारणा व शिक्षणाचे कायदे आणल्यावर त्याविरुद्ध आंदोलन उसळले, आणि जुलै १९५९ मध्ये केंद्राने ते बरखास्त केले. हरवण्यासाठी निवडणुकीची वाट पाहण्याइतका धीर दिल्लीला नव्हता. चिलीमध्ये साल्वादोर आयेंदे १९७० साली निवडून आले. वृत्तपत्रे चालू होती, संसद चालू होती, विरोधी पक्ष चालू होते. ११ सप्टेंबर १९७३ रोजी लष्कराने अध्यक्षांच्या प्रासादावर बाँब टाकले, आयेंदे यांचा त्या दिवशी अंत झाला आणि पुढची सतरा वर्षे पिनोशे यांनी राज्य केले; बाजाराला मोकळीक देणारे राज्य, आणि हजारोंना ठार वा बेपत्ता करणारे राज्य. मुक्त बाजार आला की स्वातंत्र्य मागोमाग येते, असे वर्गात सांगायला सोपे आहे. चिलीचे नाव निघाले की ते वाक्य घशात अडकते.

आपल्याकडची कथा यांच्या मधली आहे. १९६९ मध्ये बँकांचे राष्ट्रीयीकरण करणाऱ्या सरकारने १९७५ साली नागरिकांचे हक्क गुंडाळले. पण मार्च १९७७ मध्ये ते निवडणुकीत हरले आणि पायउतार झाले. पश्चिम बंगालमध्ये डावी आघाडी चौतीस वर्षे सत्तेवर होती. एवढ्या काळात गावातली शाळा, सोसायटी, पंचायत यांत पक्षावाचून पान हलेनासे झाले. नंदिग्राममध्ये मार्च २००७ च्या गोळीबारात चौदा माणसे मेली, तीही जमीन वाचवण्यासाठी उभी राहिलेली. पण २०११ साली मतदारांनी त्या सरकारला घरी पाठवले आणि ते घरी गेले. नंदिग्राम विसरता येत नाही, आणि हेही विसरता येत नाही.

म्हणूनच १९४७ च्या आंबेडकरांपेक्षा १९४८ चे आंबेडकर प्रस्तुत लेखकाला या एका मुद्द्यावर अधिक बरोबर वाटतात. समाजवाद बहुमताच्या आवाक्याबाहेर ठेवला, की तो चुकला तरी मतदाराला दुरुस्त करता येत नाही. सामुदायिक शेतीची योजना १९५१ मध्ये फसली असती, तर ती मोडण्याचा हक्क शेतकऱ्याला असायला नको होता काय? शिवाय त्या योजनेत प्रत्येक शेतकरी शासनाचा कूळ होणार होता. जमीनदार एकच, आणि तोही न बदलणारा.

पण १९४७ ची चिंता त्यामुळे खोटी ठरत नाही, आणि तिचा पुरावा माझ्याच स्टाफरूममध्ये आहे. मी अनुदानित महाविद्यालयात कायम नोकरीत आहे. माझा पगार शासनाच्या तिजोरीतून येतो, म्हणजे माझा अन्नदाता शासनच. तरीही शासनाविरुद्ध व संस्थेविरुद्ध लिहिण्याची मला भीती वाटत नाही. कारण मला काढायचे तर चौकशी करावी लागते, आणि वर न्यायाधिकरण आहे. पगार शासन देते, पण तो शासनाच्या मर्जीवर नाही. सार्वजनिक पैसा आणि नागरिकाचे स्वातंत्र्य एकत्र नांदू शकतात, याचे याहून जवळचे उदाहरण मला माहीत नाही. माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारा सहकारी माझ्याहून अधिक शिकलेला, पीएच.डी. झालेला आहे. तो तासिका तत्त्वावर काम करतो. त्याची नेमणूक दरवर्षी संपते. या लेखाचा मसुदा मी त्याला वाचायला दिला. त्याने टांझानियावरच्या मजकुरातल्या दोन चुका दुरुस्त केल्या, केरळचा मुद्दा त्यानेच सुचवला. मग कागद परत करताना म्हणाला, "सर, माझे नाव मात्र कुठे येऊ देऊ नका. जूनमध्ये मुलाखती आहेत."